आधी एकक की आधी दशक?

संगणकाची ओळख करून देणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात 'संख्यापद्धती' नावाचे एक प्रकरण असते. विद्यार्थी १७३ ला २ ने भागत जातो, बाक्या खालून वर मांडतो, १०१०११०१ असे उत्तर काढतो आणि पूर्ण गुण मिळवतो. मग उलट उदाहरण येते: १०१०११०१ चे दशमान रूप काढा. तेही जमते. प्रकरण संपते.

या प्रकरणात चुकीचे काही शिकवले जाते असे आमचे म्हणणे नाही. आमची तक्रार निराळी आहे. खरा प्रश्न जिथे सुरू होतो त्या उंबरठ्यावरच हे प्रकरण थांबते. हाच विद्यार्थी पुढे सी भाषा शिकतो, एखाद्या उपकरणाने पाठवलेली नोंद किंवा एखादी चित्राची फाइल उघडतो, तेव्हा त्याच्यासमोर १७३ ही संख्या आयती वाढून ठेवलेली नसते. असते ती बाइटांची लांबलचक माळ. तीतून संख्या कशी काढायची हे त्याला कोणीच सांगितलेले नसते. तो अंदाजाने काहीतरी करतो, त्याच्या संगणकावर ते चालते, आणि चालले म्हणजे बरोबर असे तो धरून चालतो.

एक लहान उदाहरण घेऊ. बाइट म्हणजे आठ बिट. त्यात ० ते २५५ यांपैकी एक किंमत मावते. एका फाइलमध्ये लागोपाठ दोन बाइट आहेत: ७ आणि २२७. यांतून कोणती संख्या होते?

पहिला बाइट वरच्या स्थानाचा मानला तर ७ × २५६ + २२७, म्हणजे २०१९. पहिला बाइट खालच्या स्थानाचा मानला तर २२७ × २५६ + ७, म्हणजे ५८,११९. हीच दुसरी बेरीज 'ऋण संख्याही चालतील' अशा सोळा बिटांच्या चौकटीत वाचली तर उत्तर येते −७,४१७. आणि चौथे उत्तर असे की, क्रम पहिलाच ठेवला, पण प्रोग्रॅमने दुसरा बाइट एकटा उचलताना तो ऋण समजून −२९ असा वाचला, तर ७ × २५६ − २९, म्हणजे १,७६३. दोन बाइट, चार उत्तरे. चारही ठिकाणी अंकगणित अचूक आहे. फाइलमधले बिटही चारही वेळा तेच आहेत.

तेव्हा बाइटांच्या माळेत संख्या लपलेली असते आणि ती आपण फक्त बाहेर काढतो, ही समजूत सोडून द्यायला हवी. संख्या ठरते ती लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातील करारातून. या करारात तीन गोष्टी लागतात: किती बाइट मिळून एक संख्या, त्यांचा क्रम कोणता, आणि ऋण संख्या कशा दाखवायच्या. आपली पुस्तके अंकगणित शिकवतात आणि करार मात्र गाळतात. आमच्या टीकेचा रोख एवढ्याच जागी आहे.

ऋण संख्यांचा करार आधी पाहू, कारण विद्यार्थी तिथे सर्वांत जास्त घाबरतात. 'सगळे बिट उलटे करा आणि एक मिळवा' हा नियम पाठ करून घेतला जातो. का उलटे करायचे, एक का मिळवायचा, हे विचारण्याची सोय नसते. खरे तर जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा मीटर वर्गात आणला तरी पुरे. चार आकडी मीटर ०००० वर असताना तो एक घर मागे फिरवला तर ९९९९ दिसते, आणखी एक घर मागे ९९९८. मग ९९९९ ला −१ आणि ९९९८ ला −२ म्हणायला काय हरकत आहे? अर्धी घरे धन संख्यांना द्यावीत, अर्धी ऋण संख्यांना. सोळा बिटांच्या मीटरवर ६५,५३६ घरे असतात. ३२,७६७ पर्यंतची घरे आहेत तशी वाचायची आणि त्यापुढच्या प्रत्येक घरातून ६५,५३६ वजा करायचे. ५८,११९ चे −७,४१७ झाले ते असे. एका बाइटाच्या मीटरवर २५६ घरे, म्हणून २२७ चे −२९ झाले. बिट उलटे करून एक मिळवणे ही या वजाबाकीची हातोटी आहे, व्याख्या नव्हे.

पुढच्या पूर्ण टप्प्यापासून मागे मोजण्याची ही रीत मराठी मुलाला परकी नाही. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस. तिसाच्या मागे एक घर. २२७ म्हणजे तशाच रीतीने २५६ ला २९ उणे. (आपली भाषा हा नेम एकोणनव्वदपर्यंत पाळते आणि नव्याण्णवला मोडते. करारात अपवादही असतात, एवढे त्यातून मुलांना कळावे.)

या करारात गफलत झाली तर काय होते त्याची एक तारीखही ठरलेली आहे. अनेक संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० पासून गेलेले सेकंद मोजून वेळ ठेवतात. हा आकडा ज्यांनी बत्तीस बिटांत, ऋण संख्यांसाठी अर्धी घरे राखून ठेवला आहे, त्यांचा मीटर १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतो. पुढच्या सेकंदाला त्यांच्या लेखी डिसेंबर १९०१ उजाडेल. तेच बत्तीस बिट केवळ धन मानून वाचले तर ते २१०६ सालापर्यंत पुरतात.

आता क्रमाचा प्रश्न, आणि आमच्या मते हाच भाग सर्वांत मौजेचा आहे. महाराष्ट्रात बारावीला कम्प्युटर सायन्स घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या इंटेलच्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरवर वाढल्या. 'एलएक्सआय एच, २०५०' ही आज्ञा स्मृतीत कशी लिहिली जाते असे त्यांना विचारा. षोडशमान पद्धतीत '२१, ५०, २०' असे उत्तर तत्काळ मिळेल. आधी आज्ञेचा संकेत २१, मग पत्त्याचा खालचा बाइट ५० आणि शेवटी वरचा बाइट २०. 'लोअर बाइट फर्स्ट' हे शब्द त्यांच्या ओठांवर असतात. पण असे का, या प्रश्नावर वर्ग गप्प होतो, आणि बऱ्याचदा शिकवणाराही. 'इंटेलने तसे ठरवले' हे उत्तर खोटे नाही. ते अपुरे आहे.

त्यामागची हकिगत अशी. १९७० साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात कम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशन या कंपनीने डेटापॉइंट २२०० नावाचे यंत्र काढले. त्याची स्मृती आणि गणित दोन्ही एका वेळी एकच बिट हाताळीत. आता एकेक बिट घेऊन बेरीज करायची तर सुरुवात कुठून करणार? दुसरीतला मुलगाही सांगेल: एककापासून, कारण हातचा डावीकडे न्यायचा असतो. म्हणून खालचा भाग आधी. या यंत्राच्या आज्ञा एका चिपवर उतरवण्याच्या कामातून इंटेलची ८००८ ही चिप १९७२ साली बाहेर आली. तिच्यात बेरीज आठ बिटांची एकदम होत असे, तरी क्रम तोच राहिला. तो पुढे ८०८० मध्ये, १९७६ च्या ८०८५ मध्ये, १९७८ च्या ८०८६ मध्ये आणि तिच्या वंशातून आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये आला. म्हणजे बारावीचा विद्यार्थी जो नियम घोकतो त्याच्या मुळाशी त्याने सात वर्षांचा असताना शिकलेला हातचा आहे. हे त्याला कधीच सांगितले जात नाही, याची आम्हांला खंत वाटते.

मोठे स्थान आधी लिहिण्यालाही तितकेच सबळ कारण आहे. दोन संख्यांतील मोठी कोणती हे आपण डावीकडून पाहतो. भागाकारही डावीकडूनच सुरू करतो. छापलेल्या बाइटांवरून माणसाला संख्या सहज वाचता येते तीही याच क्रमात. म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार एका टोकाला सोयीचे. तुलना आणि भागाकार दुसऱ्या टोकाला. शाळेच्या गणितातच दोन्ही पक्ष हजर आहेत.

या दोन पक्षांना नावे दिली डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने. त्यांचे टिपण १ एप्रिल १९८० या तारखेचे आहे (तारीख मुद्दाम निवडलेली असावी), आणि पुढच्या वर्षी ते 'कॉम्प्युटर' या मासिकात छापले गेले. जोनाथन स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' या १७२६ सालच्या पुस्तकात, उकडलेले अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान, यावरून दोन राज्ये लढतात. कोहेन यांनी तिथूनच 'बिग एंडियन' आणि 'लिटल एंडियन' ही नावे उचलली. टिपण वाचनीय आहे, खेळकर आहे, आणि त्यातील मुख्य सांगणे शहाणपणाचे आहे: कोणता क्रम निवडला यापेक्षा सर्वांनी एकच निवडला हे महत्त्वाचे, वाटल्यास नाणे उडवून ठरवा.

तरीही या टिपणावर आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला खुद्द कोहेन यांच्यापेक्षा त्यांच्या वाचकांवर आहे. पुस्तकांनी त्यांचे अंडे तेवढे उचलले. वाद निरर्थक, दोन्ही टोके सारखीच, असा समज त्यामुळे पसरला. क्रमामागे हातच्याचे आणि भागाकाराचे सयुक्तिक कारण आहे ही गोष्ट अंड्याच्या गोष्टीखाली गाडली गेली. उपमा फार चांगली असली की असे होते.

दुसरा आक्षेप मूळ सांगण्यावर आहे. सर्वांनी एकच क्रम मानला तरच काम चालेल, हे खरे ठरले नाही. सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित झालेल्या इंटरनेटच्या मूळ नियमांत मोठे स्थान आधी असा क्रम आहे. आजच्या लॅपटॉप आणि मोबाइलच्या प्रोसेसरांत मात्र बहुतेक सर्वत्र खालचे स्थान आधी असते. म्हणजे वाचकांच्या खिशातला फोन प्रत्येक संदेशाच्या वेळी वेशीवर क्रम उलटा करून माल आत घेतो आणि पुन्हा उलटा करून बाहेर पाठवतो. नाणे कोणी उडवले नाही, आणि तह न होताही व्यवहार सुरळीत चालला. तो चालला कारण वेशीवरचा नियम लेखी होता. एकी नसली तरी चालते. करार संदिग्ध असला तर चालत नाही.

हा फरक डोळ्यांसमोर ठेवून पुण्यातल्या एका वादाकडे पाहावे असे आम्हांला वाटते. तो वाद संगणकाचा नव्हता, पण प्रश्न तोच होता. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकावरून वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला. एकवीसला 'वीस एक', पंचवीसला 'वीस पाच' असेही म्हणण्याची रीत पुस्तकात दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष दिवंगत डॉ. मंगला नारळीकर यांनी तिचे जाहीर समर्थन केले. जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे लहान मुलांना जड जातात, आणि बोलण्याचा व लिहिण्याचा क्रम उलटसुलट असल्याने मुले गोंधळतात, असे त्यांचे म्हणणे होते. विरोधकांना ही भाषेची मोडतोड वाटली. टिंगलही पुष्कळ झाली.

गोंधळ आहे ही गोष्ट कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला ठाऊक आहे. बाईंनी 'पंचवीस' म्हटले की मुलाच्या कानावर आधी पाच पडतात, मग वीस. तो ऐकल्या क्रमाने लिहितो: ५२. त्याला पंचवीस म्हणजे किती हे कळत नाही असे मुळीच नाही. पंचवीस चिंचोके मोजायला सांगा, तो अचूक मोजील. त्याने माळ आली त्या क्रमाने उतरवून घेतली, एवढेच. बोललेल्या नावात एकक आधी, लिहिलेल्या रूपात दशक आधी, आणि मधल्या वेशीवर उलटापालट करायची असते हे त्याला कोणी सांगितले नाही. अशा मुलाच्या वहीवर लाल फुली पडते आणि 'गणितात कच्चा' असा शेरा त्याला चिकटतो. मोठ्या माणसांनाही हे काम चुकत नाही. दूरध्वनीवर कोणी दोन-दोन अंकांच्या जोड्यांत क्रमांक सांगू लागले की 'पंच' ऐकून हात थबकतो. 'वीस' आल्यावर २ लिहायचा आणि मग राखून ठेवलेला ५.

मराठीचा क्रम सरळ उलटाही नाही. 'एक हजार दोनशे चौतीस' म्हणताना आपण १, २, मग ४ आणि शेवटी ३ असे जातो. वरची स्थाने मोठ्या टोकाकडून, शेवटची जोडी लहान टोकाकडून. असे मिश्रण संगणकातही झालेले आहे. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पीडीपी-११ या प्रसिद्ध यंत्रमालिकेत चार बाइटांची संख्या दोन-दोन बाइटांच्या जोड्यांत ठेवीत. जोड्यांचा क्रम मोठी आधी, आणि प्रत्येक जोडीच्या आत मात्र लहान बाइट आधी. मराठीला हसणाऱ्यांनी हे यंत्र जरूर आठवावे. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतला संकेत उलट अगदी एकमार्गी होता: शब्दांनी दिलेले अंक एककापासून सुरू होतात. भास्कराचार्यांनी आपला जन्मशक असाच शब्दांत दिला आहे. रस म्हणजे ६, गुण म्हणजे ३, पूर्ण म्हणजे ०, मही म्हणजे १. वाचणाऱ्याने ते उजवीकडून डावीकडे मांडायचे, म्हणजे शके १०३६, इसवी सन १११४. संकेत ठाऊक नसलेला वाचक शके ६३०१ म्हणून मोकळा होईल.

२०१९ च्या सुधारणेने अडचण अचूक हेरली होती, आणि टिंगल करणाऱ्यांनी ती समजून घेण्याचेही कष्ट घेतले नाहीत, असे आमचे मत आहे. पण उपायाबद्दल आम्ही साशंक आहोत. 'वीस एक' म्हटले की पुस्तकापुरता दोन्हीकडे एकच क्रम होतो. बाजारात, घरात, बसच्या तिकिटावर वाहकाच्या तोंडी मात्र एकवीसच राहते. मुलाला वेस ओलांडावी लागतेच. म्हणून नवे नाव जुन्याच्या जागी आणण्यापेक्षा दोन्ही नावे फळ्यावर शेजारी लिहावीत आणि 'आधी काय ऐकू आले? आधी काय लिहिले?' हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. 'वीस एक' हे नाव अशा वेळी मधल्या पायरीसारखे फार उपयोगी पडेल.

लेखी कराराचे चांगले उदाहरणही पुण्याच्याच परिसरातून देता येते. गणेशखिंडीच्या विद्यापीठ आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, आणि पुण्याच्या उत्तरेस गिरवली येथे तिची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ सालापासून आहे. जगभरच्या दुर्बिणींप्रमाणे इथल्याही प्रतिमा 'फिट्स' नावाच्या स्वरूपात ठेवतात. हे स्वरूप १९७९ मध्ये आकाराला आले आणि १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळच्या यंत्रांत एका 'शब्दा'ची लांबी कुठे १६ बिट, कुठे ३२, कुठे ३६, ६० किंवा ६४ असे. फिट्सची फाइल २८८० बाइटांच्या ठोकळ्यांत लिहितात. वर दिलेल्या पाच संख्यांचा लसावि काढून पाहा, म्हणजे हा चमत्कारिक आकडा कुठून आला ते उमजेल. लसावि कशाला शिकायचा, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यापुढे ठेवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

फाइलच्या आरंभी साध्या अक्षरांत, माणसालाही वाचता येतील अशा ओळी असतात. एका संख्येस किती बिट, ही एक ओळ. वाचलेल्या संख्येत किती मिळवायचे, ही दुसरी. क्रम फिट्सच्या नियमानेच बांधलेला आहे: मोठे स्थान आधी. सोळा बिटांच्या संख्या ऋण-धन दोन्ही मानायच्या, हेही. पण कॅमेऱ्याने मोजलेला प्रकाश ऋण नसतो. त्याला ० ते ६५,५३५ अशी सगळी घरे हवी असतात. म्हणून प्रत्येक संख्येतून ३२,७६८ वजा करून ती लिहितात आणि 'वाचताना ३२,७६८ मिळवा' असे वर नोंदवून ठेवतात. समजा एका ठिपक्याचे बाइट २०६ आणि ३२ आहेत. २०६ × २५६ + ३२ = ५२,७६८. हे घर ३२,७६७ च्या पुढचे, म्हणून ६५,५३६ वजा करून −१२,७६८. त्यात ३२,७६८ मिळवले की २०,०००. हे त्या ठिपक्याचे खरे माप. तिन्ही पायऱ्या लेखी असल्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीची प्रतिमा आजही बिनचूक उघडते, आणि लिहिणारे यंत्र कोणत्या टोकाचे होते हे कोणाला विचारावेही लागत नाही.

आता प्रोग्रॅम शिकवण्याच्या रीतीबद्दल. सी भाषेच्या क्लासमध्ये सर्रास सांगितला जाणारा मार्ग असा: चार बाइट जिथे आहेत त्या पत्त्यावर 'हा पूर्णांकाचा पत्ता आहे' असा शिक्का मारा आणि यंत्राला वाचू द्या. एका ओळीत काम होते. पण या ओळीत कराराचा एकही शब्द नाही. क्रम कोणता? हे यंत्र ज्या टोकाचे असेल तो. पूर्णांक किती बाइटांचा? हे यंत्र म्हणेल तेवढ्यांचा. शिवाय काही प्रोसेसरांना पूर्णांक चारच्या पटीतील पत्त्यावरच हवा असतो. नसेल तर ते काम नाकारतात.

दुसरा मार्ग मघाच्याच अंकगणिताचा. पहिला बाइट, अधिक दुसरा गुणिले २५६, अधिक तिसरा गुणिले ६५,५३६, अधिक चौथा गुणिले १,६७,७७,२१६. फाइलचा क्रम उलटा असेल तर बेरीज उलट्या टोकाकडून लिहायची. हे वाक्य कोणत्याही यंत्रावर एकच उत्तर देते, कारण त्यात यंत्राचा संबंधच येत नाही. फाइलचा करार तेवढा येतो. रॉब पाइक यांनी २०१२ साली लिहिलेल्या एका छोट्या लेखात हाच आग्रह धरला: आपले यंत्र कोणत्या टोकाचे आहे हे विचारणारा प्रोग्रॅम बहुधा चुकीचा प्रश्न विचारीत असतो. आम्ही त्यांच्याशी सहमत आहोत. एवढेच जोडू की, खगोलशास्त्रज्ञांसारख्यांना एका दमात कोट्यवधी संख्या वाचायच्या असतात तेव्हा ते सगळा ठोकळा जसाच्या तसा उचलतात आणि क्रमाची चिठ्ठी सोबत लावतात. तिथे शिक्काच मारलेला असतो, पण कराराचे नाव लिहून.

सीमध्ये या मार्गावरही एक खड्डा आहे, आणि मघाचे १,७६३ हे उत्तर त्यातूनच आले. बाइट ठेवण्यासाठी जो 'कॅर' प्रकार वापरतात तो धन मानायचा की ऋण-धन, हे भाषेने यंत्रावर सोडले आहे. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या मूळ पुस्तकात हे स्वच्छ सांगितले आहे. आमच्या पाहण्यातल्या क्लासच्या नोट्समध्ये नेमके ते वाक्य गळलेले असते. १२७ पर्यंतच्या बाइटांवर प्रोग्रॅम ठीक चालतो, पुढे बिघडतो, आणि विद्यार्थी दोष फाइलला देतो. 'अनसाइन्ड' हा एक शब्द लिहायचा असतो.

अक्षरांचेही असेच. युनिकोडमध्ये 'म' या अक्षराचा क्रमांक २३५०. दोन बाइटांत तो ९, ४६ असा लिहिला आणि वाचणाऱ्याने उलटा घेतला तर ११,७८५ होतो, आणि 'म'च्या जागी एक अपरिचित कंसाचे चिन्ह उमटते. म्हणून अशा फाइलच्या आरंभी ६५,२७९ या क्रमांकाची खूण ठेवण्याची प्रथा आहे. ती उलटी वाचली तर ६५,५३४ मिळतो, आणि तो क्रमांक कोणत्याही अक्षराला द्यायचा नाही असेच ठरवून ठेवले आहे. वाचणाऱ्याला लगेच कळते की माळ उलट्या टोकाने धरली आहे.

हे सगळे एका तासिकेत दाखवता येते. पेंटसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये ३०० ठिपके रुंद आणि २०० ठिपके उंच असे चित्र काढून ते चोवीस बिटांच्या बीएमपी स्वरूपात साठवावे आणि तेच चित्र पीएनजी स्वरूपातही. मग फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या कोणत्याही साधनाने दोन्ही उघडाव्यात. लिनक्सवर 'ओडी' ही आज्ञा त्यासाठीच आहे. बीएमपीत १९ ते २२ या बाइटांवर रुंदी सापडेल: ४४, १, ०, ०. पीएनजीत १७ ते २० वर: ०, ०, १, ४४. एकच चित्र, एकच रुंदी, दोन टोके. बीएमपीच्या ३ ते ६ या बाइटांत फाइलचा एकूण आकार असतो. तिथे बहुधा ८६, १९१, २, ० असे दिसेल. मुलांनी बेरीज करून १,८०,०५४ हा आकडा काढावा आणि संगणक फाइलचा जो आकार दाखवतो त्याच्याशी ताडून पाहावा.

वर्ग हुशार असेल तर पुढचे एक कोडे द्यावे. बीएमपीत चित्राच्या रांगा सहसा खालून वर लिहिलेल्या असतात. काही प्रोग्रॅम त्या वरून खाली लिहितात आणि ती गोष्ट कळावी म्हणून २३ ते २६ या बाइटांतली उंची ऋण करून ठेवतात. अशा एका फाइलमध्ये तिथे ५६, २५५, २५५, २५५ असे बाइट आहेत. चिन्हाचा करार न पाळणारा प्रोग्रॅम या चित्राची उंची ४,२९,४९,६७,०९६ ठिपके आहे असे सांगतो. खरी उंची किती, हे मुलांनी मीटर मागे फिरवून काढायचे आहे.